मिरगाआधी घर आणि परसू: भाजी आधी लावा, कौलं मग परता

गावच्या घराची कामं काढली की बरेचजण आधी छपरावर चढतात आणि भाजीचं मागाहून बघू म्हणतात, माझं मत उलट आहे. फेब्रुवारीत विहिरीला पाणी असतं, सकाळचा थोडा गारवा असतो, तेव्हाच बी मातीत गेलं पाहिजे. कौलं एप्रिलमध्ये परतली तरी चालतं, उलट तेव्हा वासे-रिपा कडक सुकलेल्या असतात म्हणून काम चांगलं होतं. शेवटची तारीख मात्र दोघांचीही एकच, मिरग म्हणजे मृग नक्षत्र. गोव्यात पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, तिथून मागे मोजत यायचं. आणि शिगम्याला घरी गेल्यावरच सुरुवात करणार असाल तरी भेंडी, काकडी, तांबडी भाजी (लाल माठ) आरामात होते.

बी टाकायच्या आधी घराभोवती एक फेरी मारा. शिडी कुठे लागणार, उतरवलेली कौलं कुठे रचणार, फुटकी कुठे पडणार हे ठरवा आणि ती बाजू मोकळी सोडा. वाफे भिंतीपासून निदान तीन-चार फूट लांब करा. भिंतीला लागून वाफा केला की रोजचं पाणी जोत्यात मुरतं, जांभा ते वर ओढतो, आतल्या खोलीचा गिलावा फुगतो आणि ओलीच्या मागोमाग वाळवी येते. दुधी-दोडक्याचा वेल छपरावर सोडायची खूप जणांना हौस असते, कृपा करून सोडू नका, तो कौलांच्या फटीत शिरून कौलं उचलतो आणि पानांचा कचरा साठून पाणी आत वळतं. वेगळा मांडव घाला, चार बांबू पुरतात.

आपली जांभ्याची माती आंबट असते. भिंतींसाठी चुना आणणारच असाल तर त्यातला थोडा पेरणीच्या दोन-तीन आठवडे आधी मातीत मिसळा, पण शेणखत त्याच दिवशी घालू नका, खतातला नत्र उडून जातो. एवढा वेळ हातात नसेल तर चुना राहू दे, चुलीची राख घाला आणि कुजलेलं शेणखत भरपूर.

आता काय लावायचं. तांबडी भाजी सगळ्यात आधी, बी बारीक असतं म्हणून वाळूत मिसळून टाकायचं, तीन-चार आठवड्यांत कापायला येते आणि घरच्यांना हुरूप येतो. भेंडीचं बी रात्रभर भिजवून सकाळी लावा, दीड महिन्यात पहिला तोडा मिळतो, गावठी सात शिरांची मिळाली तर तीच घ्या, खतखत्यात, म्हणजे आपल्या मिश्र भाज्यांच्या रश्शात, तिची चव वेगळीच लागते. आळसांदे म्हणजे चवळी आणि चिटकी म्हणजे गवार यांना फार लाड लागत नाहीत. काकडी, दोडका, कारलं आळ्यात तीन-चार बिया टाकून, उगवल्यावर जोमदार दोन रोपं ठेवायची. वांग्याची रोपं तयार व्हायला महिनाभर जातो म्हणून ती सरळ विकत आणा, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बी-रोपं बघून हाताळून घेता येतात. खोल्याच्या मिरचीचा मोह आवरा, ती काणकोणात डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होते, उन्हाळ्यात तिच्यामागे लागण्यात अर्थ नाही.

पाणी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, आणि वाफ्यावर काजू-फणसाच्या सुक्या पानांचा किंवा गवताचा जाड थर हवाच, त्याने पाणी जवळपास निम्म्यावर येतं असं मला तरी वाटतं. काकडीच्या कोवळ्या पानांवर लाल भुंगे आले तर दंव असताना राख भुरभुरा. भेंडीची पानं शिरांपासून पिवळी पडायला लागली तर तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते, ते झाड लगेच उपटून लांब टाका, जीव लावून ठेवू नका. माकडांसाठी जुनं मासेमारीचं जाळं मांडवावर ताणून घाला.

एप्रिल उजाडला की छप्पर. मेस्ताला (मिस्त्रीला) आणि गड्यांना मार्चमध्येच सांगून ठेवा, मे महिन्यात सगळा गाव त्यांच्या मागे असतो आणि वळवाचा पाऊस कधीही येतो. कौलं काढताना आढ्याकडून खाली, घालताना वळचणीकडून वर. प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघायचं, खणखणीत वाजलं तर ठेवा, भदभदलं तर त्याला केसाएवढी तरी चीर आहे. नवीन कौलं आणायला जाताना जुनं एक बरोबर न्या, कारण मंगळुरी कौलं सगळीकडे सारखी दिसली तरी प्रत्येक कारखान्याची खाच वेगळी, मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या संस्थेचा कारखाना 1865 साली निघाला तेव्हापासून कितीतरी कंपन्या झाल्या. वेगवेगळ्या छापाची कौलं एका ओळीत बसवली की गळती ठरलेलीच. कमी पडली तर एका छापाची सगळी पुढच्या बाजूला आणि नवीन सगळी मागच्या पाखीवर घाला. वर चालताना फळी टाकूनच चाला, आणि शिडी वीजेच्या तारेपासून लांब, याबाबतीत घाई अजिबात नको.

कौलं उतरली आहेत तोवरच लाकूड बघून घ्या, ही संधी परत काही वर्षं येत नाही. भिंतीत गेलेलं वाशाचं टोक सुरीने टोचून बघा, सुरी लोण्यासारखी आत गेली तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या तर ती वाळवीची वाट, नुसती झाडून उपयोग नाही, जमिनीपर्यंत शोधत जा आणि तिथे औषध घाला. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला चांगलं, पण कातडी भाजतं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालूनच लावा.

आढ्याचे कोने (आढ्यावर बसणारी बाकदार कौलं) शक्यतो चुन्याच्या मसाल्यात बसवा, निव्वळ सिमेंट कडक होऊन तडकतं. भिंतींनाही तेच, जुन्या जांभ्याच्या किंवा मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते. चुना लावताना भिंत आधी ओली करा, पातळ तीन हात द्या, डोळ्यांना चष्मा. कळीचा चुना विरघळवायचा असेल तर पाण्यात चुना टाकायचा, चुन्यावर पाणी कधीही ओतायचं नाही, उकळून अंगावर उडतं. आणि कालवलेला चुना उरला तर वाफ्यांजवळ ओतू नका, रोपं जळतात.

मेच्या मध्याला पन्हळी आणि घराभोवतीची गटारं साफ करून पाण्याचा उतार घरापासून बाहेर जातोय ना ते बादलीभर पाणी ओतून बघा. सोप्याच्या पश्चिमेकडून झड येते, तिथे चुडतांच्या (माडाच्या झावळ्यांच्या) झडी बांधून टाका. फुटक्या कौलांचे तुकडे टाकून देऊ नका, वळचणीखाली पसरले की पागोळ्यांनी माती भिंतीवर उडत नाही. भेंडी-आळसांद्यांच्या चांगल्या दोन-चार शेंगा झाडावरच वाळू द्या, बी राखेत घालून कोरड्या बाटलीत.

मग पहिला मोठा पाऊस लागला की बॅटरी घेऊन आतून सगळं छप्पर बघा, माळ्यावरसुद्धा. जिथे थेंब दिसेल तिथे वाशावर खडूने खूण करा, पाणी खालपर्यंत ओघळत येतं म्हणून ओल दिसते त्याच्या थोडं वर शोधा, आणि पाऊस थांबला की आतूनच ते कौल वर ढकलून खाचेत बसवा. ओल्या छपरावर मात्र चढू नका, राहिलेलं दुसऱ्या उघडिपीला मेस्ताकडून करून घ्या.