क्रूझवर कपडे धुवायचे, पण वाळवायचे कसे?

मुंबईहून गोवा-लक्षद्वीप अशी चार-पाच दिवसांची क्रूझ असली की बॅग कपड्यांनीच भरते. जहाजावर कपडे धुवायला दिले तर नगाप्रमाणे पैसे लागतात आणि खोलीत धुतलेले दमट हवेत सकाळपर्यंत ओलेच राहतात. त्यावर हा उपाय.

१. रात्री अंघोळीच्या वेळीच अंतर्वस्त्रं, मोजे, पातळ टी-शर्ट बेसिनमध्ये धुवून हाताने पिळा.
२. कोरडा टॉवेल पलंगावर पसरा, त्यावर कपडा सपाट ठेवा. टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करा आणि दोन्ही टोकं धरून पीळ द्या. खरी करामत इथेच आहे: टॉवेल जड होतो आणि कपडा नुसता ओलसर उरतो.
३. मग कपडे बाथरूममध्ये कोंडू नका, खोलीत एसीच्या झोताजवळ हँगरला लावा. खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात, त्यामुळे घरून हुकवाली चार चुंबकं नेली की हँगर अडकवायची सोय होते. आमच्याकडे सुती कुर्ताही सकाळी घालण्याजोगा झाला होता.

जीन्स मात्र एकच, अंगावरची. ती काही वाळत नाही.

मोठ्या बॅगा खोलीत पोचायला संध्याकाळ होऊ शकते, म्हणून एक जोड, पोहण्याचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.

बाल्कनीच्या कठड्यावर कपडे अजिबात वाळत घालू नका, वाऱ्याने थेट समुद्रात जातात. इस्त्रीही नेऊ नका. आगीच्या भीतीने ती चढतानाच काढून घेतात.