पाहणीला पाहुणे यायच्या आधी

निधी देणाऱ्या फाउंडेशनची माणसं वस्तीत येणार असा फोन आला की आपल्यासारख्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्थांत पहिली धावपळ होते ती बॅनरची. बॅनर राहू द्या. आधी बायकांची बैठक लावा, तीही रात्री आठनंतर, कारण धुणीभांडी करणाऱ्या बाया त्याआधी मोकळ्या होत नाहीत. कोण येणार, कशाला येणार, किती पैशांची बोलणी आहे, हे आकड्यांसकट सांगा. मग विचारा, कोणाला बोलायचंय आणि कशाबद्दल बोलायचं नाहीये. दुसरा प्रश्न विसरू नका.

उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत आम्ही तो विचारला नव्हता. पाहुण्यांनी पंधरा-वीस माणसांदेखत एका बाईला विचारलं, "नवरा मारायचा म्हणजे नेमकं काय करायचा?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली, पुन्हा गुंडाळत राहिली. शेवटी तिनं सांगितलं, कारण समोर आम्ही बसलो होतो आणि आम्हाला नाही कसं म्हणायचं. निधी मिळाला. ती मात्र पुन्हा बैठकीला आली नाही. मी तिच्या शेजारी होते, मी मध्ये पडायला हवं होतं. आता प्रत्येक भेटीत एक कार्यकर्ती फक्त याच कामाला असते: नको तो प्रश्न आला की "याचं उत्तर आम्ही संस्थेतर्फे देऊ" म्हणायचं. पाहुण्यांनाही आदल्या दिवशी फोनवर हे सांगून ठेवा. चांगली माणसं रागावत नाहीत.

फोटोचंही तसंच. परवानगी कागदावर घ्या आणि फोटो कुठे छापला जाईल ते सांगा. "ताई, मायं नाव नोका टाकू" असं कोणी म्हटलं तर विषय तिथंच संपला. बलात्कारपीडितेची किंवा लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची ओळख उघड करणं हा तर कायद्यानंच गुन्हा आहे. त्यामुळे केसच्या फायली कपाटात, कुलपात. टेबलावर ठेवायच्या त्या हिशेबाच्या.

त्यात नोंदणीचं प्रमाणपत्र, तीन वर्षांचे ऑडिट झालेले ताळेबंद, 80-जी म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारा दाखला. विश्वस्त बदलले असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. छोट्या संस्थांचं घोडं बहुतेक वेळा इथंच अडतं. कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी हवा असेल तर सीएसआर-१ या सरकारी फॉर्मची नोंदणी १ एप्रिल २०२१ पासून सक्तीची आहे. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायची सरकारी परवानगी लागते, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी दिल्लीच्या स्टेट बँकेतल्या ठरावीक शाखेतच उतरतो. त्यातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. मोठ्या संस्थेनं तो पैसा पुढे छोट्या संस्थेला देणंही त्याच दुरुस्तीनं बंद केलं, म्हणून "अमक्यांच्या मार्फत घेऊ" हा जुना बेत डोक्यातून काढा.

आपल्या संस्थेत दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती आहे का, ते बघा. अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया आणि एक सदस्य म्हणून संस्थेबाहेरची व्यक्ती. दुसऱ्यांच्या कचेऱ्यांत जाऊन आपण हेच शिकवतो, तर आपल्या भिंतीवर त्या समितीची नावं लावलेली असायलाच हवीत.

बजेट मांडताना संकोच करू नका. प्रशिक्षण, शिबिर, पोस्टर याला पैसे मागायला आपली जीभ अडखळत नाही, पगाराचं आलं की आवाज खाली जातो. रात्री दीड वाजता एखाद्या पोरीला घेऊन पोलीस ठाण्यात जाणाऱ्या ताईचं ऑटोचं व्हाउचर दाखवा, आणि त्याच कागदावर तिचं मानधनही दाखवा. ते किती कमी आहे हे बघणाऱ्याला दिसू द्या. एका वर्षाचा प्रकल्प नको, निदान तीन वर्षं द्या, असं स्पष्ट मागा. मारहाणीची केस मार्च एंडला संपत नाही.

दहा मिनिटं शहरासाठी राखा. २० जुलै १९४२ ला याच नागपुरात दलित महिलांची परिषद भरली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, मजूर बायकांना रजा आणि भरपाई, असे ठराव तिथे झाले. वस्तीतल्या एखाद्या मुलीनं हे सांगावं, म्हणजे आपण इथं काही नव्यानं रुजवायला आलो असं कोणाला वाटणार नाही. आमच्या घरकामगार बाया आजही पगारी सुट्टीच मागताहेत.

बाकी किरकोळ. एप्रिल-मे असेल तर भेट सकाळी नऊला ठेवा, टिनाखाली दुपारी बसवत नाही. माठ भरलेला, लहान लेकरांना सांभाळायला कोणीतरी, चहा-पोहे बायकांनाही, आणि त्यांना आधी. त्या दिवसाची बुडालेली मजुरी कोण देणार तेही ठरवून ठेवा.

भेट झाली की दुसऱ्याच दिवशी परत बैठक घ्या आणि काय बोलणं झालं ते सांगा. पुढे होकार येवो की नकार, तो बायकांना तुमच्याच तोंडून कळू द्या.