लॅपटॉपचा प्रोसेसर की सर्व्हरचा? तुलना कशी करावी

सांगलीत कॉम्प्युटर घ्यायला निघालेल्या माणसापुढं हल्ली एक जास्तीचा पर्याय येतो. मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेली झिऑन, म्हणजे इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या, प्रोसेसरची मशीनं बाहेरून येतात, त्यांवर हात फिरवून ती विकली जातात. दुकानदार सांगतो, "चौदा कोअर, अठ्ठावीस थ्रेड, सर्व्हरचा माल आहे." शेजारी नवा लॅपटॉप ठेवलेला असतो, त्यात १५ वॅटचा आय५, म्हणजे इंटेलचा नेहमीच्या वापराचा प्रोसेसर. (कोअर म्हणजे प्रोसेसरमधला काम करणारा एकेक गडी, थ्रेड म्हणजे कामाची एकेक रांग; काही कोअर एकदम दोन रांगा हाताळतात.) गिऱ्हाईक विचारतं, यातलं फास्ट कोणतं?

प्रश्न अर्धाच विचारलाय, म्हणून त्याला उत्तर नाही. एक काम लवकर संपवायचंय, की पुष्कळ कामं एकदम रेटायची आहेत? आणि मशीन दिवसातून किती तास चालू राहणार? एवढं ठरलं की पुढची तुलना तासाभरात करता येते. ती कशी करायची ते सांगतो.

आधी कामाची जात ओळखा

नवं मशीन बघायच्या आधी जुन्यावरच सुरुवात करा. विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये जाऊन सीपीयू निवडा. आता तुमचं सगळ्यात रखडणारं काम चालवा. वर्षअखेरचा मोठा रिपोर्ट असेल, मॅक्रो भरलेली एक्सेल असेल, लग्नाच्या व्हिडिओचा एक्स्पोर्ट असेल. चालू असताना टक्केवारीवर नजर ठेवा.

समजा तुमच्या मशीनला १२ थ्रेड आहेत. पडद्यावर गोल फिरतोय, काम हलत नाही, आणि सीपीयू मात्र दहा-वीस टक्क्यांतच घुटमळतोय. पुष्कळ जण इथं म्हणतात, प्रोसेसर तर मोकळाच बसलाय. तो मोकळा नाही. १०० ला १२ नं भागलं की ८.३ येतात, टर्बोमुळं (प्रोसेसर थोडा वेळ वेग वाढवतो त्यामुळं) विंडोजचा आकडा त्याहून थोडा जास्त दिसू शकतो. म्हणजे एक थ्रेड पुरता जुंपलेला आहे आणि उरलेले अकरा बसून आहेत. हेच काम अठ्ठावीस थ्रेडच्या मशीनवर नेलंत तर तिथं सत्तावीस बसून राहतील. उलट टक्केवारी नव्वद-शंभरला जाऊन चिकटली, तर काम वाटलं जातंय, आणि कोअर वाढवल्याचा फायदा होईल. सीपीयू निवांत आणि डिस्क शंभर टक्क्यांवर, असं दिसलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी एसएसडी बसवा.

बहुतेक कामं या दोन टोकांच्या मधली असतात. ऊसतोडीच्या टोळीत कोयते कितीही वाढवा, कारखान्याच्या काट्यावर गाडी एकेकच चढते. प्रोसेसरच्या बाबतीत या काट्याचा हिशेब अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन ॲम्डाल यांनी १९६७ साली मांडला. कामाचा ९० टक्के भाग वाटता येतो आणि १० टक्के येत नाही असं धरा. ६ कोअरवर वेग एका कोअरच्या ४ पट होतो. १४ कोअरवर साधारण ६ पट. ९६ कोअर लावले तरी ९.१ पट, आणि कोअर अगणित केले तरी १० पटीच्या वर जात नाही. सर्व्हरच्या चिपचे कोअर मोजताना हे गणित आठवावं.

नाव पूर्ण वाचा

"आय५ आहे" किंवा "झिऑन आहे" या वाक्यांना काही अर्थ नाही. मॉडेलचा पूर्ण नंबर घ्या, शेवटच्या अक्षरापर्यंत. इंटेलच्या लॅपटॉप चिपमध्ये शेवटी 'यू' असेल तर ती कमी विजेची, 'एच' असेल तर जास्त विजेची. झिऑन ई५-२६८० आणि झिऑन ई५-२६८० व्ही४ यांच्यात बोलताना फक्त दोन अक्षरांचा फरक पडतो. पण पहिला २०१२ चा, ८ कोअरचा आणि १३० वॅटचा. दुसरा २०१६ चा, १४ कोअरचा आणि १२० वॅटचा. बिलावर 'व्ही४' लिहून घ्या.

इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या चिपच्या नावातही गोम आहे. रायझन ५ ७५३०यू हा ७००० मालिकेतला म्हणून नवाकोरा वाटतो, पण त्यातला तिसरा आकडा ३ सांगतो की आतली रचना झेन ३ आहे, म्हणजे २०२० ची. चिप वाईट नाही. फक्त नव्याचे पैसे जुन्याला देऊ नका.

कागदावरचे आकडे समोरासमोर ठेवा

तुलनेसाठी तीन चिपा घेऊ. लॅपटॉपचा आय५-१२३५यू, २०२२ चा. जुना झिऑन ई५-२६८० व्ही४. आणि खरोखरच्या वरच्या दर्जाचा सर्व्हर म्हणून एएमडीचा एपिक ९६५४, जो नोव्हेंबर २०२२ मध्ये आला तेव्हा एका चिपची किंमत ११,८०५ डॉलर होती.

आय५ मध्ये १० कोअर आहेत, पण त्यातले दोनच दांडगे. उरलेले आठ छोटे, वीज वाचवणारे. थ्रेड १२. कमाल वेग ४.४ गिगाहर्ट्झ. झिऑनचे १४ कोअर सगळे सारखे, कमाल वेग ३.३. एपिकचे ९६ कोअर, १९२ थ्रेड, कमाल ३.७. म्हणजे एकच थ्रेड पळवायचा असेल तर या तिघांत सगळ्यात जास्त गिगाहर्ट्झ लॅपटॉपकडं आहेत! त्यात आय५ चा मोठा कोअर झिऑनपेक्षा कितीतरी नव्या रचनेचा, त्यामुळं प्रत्येक ठोक्याला तो कामही जास्त उरकतो. एकट्या थ्रेडच्या कामात हा लॅपटॉप त्या झिऑनच्या दीडपट ते दुप्पट पळतो. दुकानात हे कुणी सांगत नाही.

मग सर्व्हरच्या चिपचे पैसे कशाचे? कोअरचे आहेतच, पण त्याहून जास्त भोवतालच्या सरंजामाचे. मेमरीचे चॅनल, म्हणजे रॅम आणि प्रोसेसर यांच्यामधले रस्ते, बघा. आय५ ला दोन, झिऑनला चार, एपिकला बारा. डीडीआर४-३२०० रॅमच्या (डीडीआर४ हा प्रकार, ३२०० हा वेग) दोन चॅनलमधून सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ गिगाबाइट डेटा येतो. एपिकच्या बारा डीडीआर५-४८०० चॅनलमधून ४६०.८. आय५ वर रॅम ६४ गिगाबाइटपर्यंत चालते, त्या झिऑनवर दीड टेराबाइटपर्यंत. एपिकची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३८४ मेगाबाइट, आय५ ची १२. शिवाय सर्व्हरला ईसीसी मेमरी लागते, जी एखादा बिट उलटला तर स्वतःच दुरुस्त करते. मिरजेत एखाद्या हॉस्पिटलला सीटी स्कॅनच्या फायली वर्षानुवर्षं साठवायच्या असतील, रात्रंदिवस मशीन चालू ठेवायचं असेल, तर तिथं ईसीसीला पर्याय नाही आणि लॅपटॉप हा विषयच नाही.

चॅनलवरून एक गोष्ट, जी लोक हमखास विसरतात. जुन्या झिऑनमध्ये दुकानदार बऱ्याचदा ३२ गिगाबाइटची एकच पट्टी घालून देतात. चार चॅनलपैकी एकच वापरात येतो आणि ७६.८ ऐवजी १९.२ गिगाबाइटवर भागवावं लागतं. त्यापेक्षा ८ च्या चार पट्ट्या मागा. लॅपटॉपलाही हेच लागू: एक पट्टी आणि एक स्लॉट रिकामा असेल तर तो आधी भरा. त्यानं पडणारा फरक पुढच्या मॉडेलवर जास्तीचे पैसे घालून पडत नाही.

वॅटचा आकडा भोळेपणानं घेऊ नका

१५ वॅटचा प्रोसेसर सदासर्वकाळ १५ वॅटच खातो असं नाही. आय५-१२३५यू थोडा वेळ ५५ वॅटपर्यंत जाऊ शकतो. किती वेळ, हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो आणि आतला पंखा ठरवतो. म्हणून एकच चिप दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी पळते. एप्रिल-मे मध्ये चाळिशीला टेकलेल्या खोलीत, उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपकडून तर काही अपेक्षाच ठेवू नका.

सर्व्हरची चिप मात्र तिचा वेग दिवसभर टिकवण्यासाठीच बनलेली असते. एपिकचे ३६० वॅट ऐकून डोळे विस्फारतात, पण ९६ नं भागा: कोअरमागं पावणेचार वॅट. सगळे कोअर कामाला लागलेले असतील तर ही उधळपट्टी नव्हे. एकट्या टॅलीसाठी ते मशीन चालू ठेवणं मात्र नक्कीच उधळपट्टी आहे.

आता स्वतः मोजा

सेव्हन-झिप हे फुकटचं सॉफ्टवेअर विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं. विंडोजवर त्याच्या 'टूल्स'मध्ये 'बेंचमार्क', म्हणजे वेग मोजायची चाचणी, आहे. डिक्शनरी साइज दोन्ही मशीनवर सारखीच ठेवा. आधी थ्रेडची संख्या १ करून चालवा, रेटिंग लिहून घ्या. मग सगळे थ्रेड लावून चालवा. हे दोन आकडे वेगळे ठेवायचे, त्यांची सरासरी कधीच काढायची नाही.

त्यानंतर सगळ्या थ्रेडवरची चाचणी तशीच दहा-पंधरा मिनिटं चालू द्या. पहिल्या मिनिटाचा आकडा आणि शेवटच्या मिनिटाचा आकडा यांत किती घट झाली? पातळ लॅपटॉपमध्ये ती डोळ्यात भरते; चांगल्या पंख्याच्या झिऑनमध्ये आकडा जवळपास हलत नाही. इंटरनेटवरचे बेंचमार्कचे तक्ते बघायला हरकत नाही, पण तिथला लॅपटॉप आणि तुमचा लॅपटॉप एकच असेल असं नाही.

शेवटची चाचणी तुमच्या स्वतःच्या फायलीची. पेन ड्राइव्हवर न्या आणि दुकानातच चालवून बघा. दुकानदार नको म्हणाला तर दुकान बदला.

इथं एक अनपेक्षित गोष्ट दिसते. लग्नाचं शूटिंग एडिट करणाऱ्यांना वाटतं, कोअर जास्त म्हणजे एक्स्पोर्ट लवकर. पण आय५ मध्ये व्हिडिओ उलगडायची आणि दाबायची वेगळी सर्किट आहेत. झिऑन ई५ मध्ये ग्राफिक्सच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर बऱ्याच मशीनवर पडदासुद्धा उजळत नाही. एचईव्हीसीच्या (जास्त दाबलेल्या व्हिडिओच्या) फायली टाइमलाइनवर सरकवताना साधा लॅपटॉप सुरळीत आणि चौदा कोअर अडखळत, असं चित्र दिसू शकतं. याउलट तासगावकडं द्राक्षबागांचे ड्रोनफोटो जोडून नकाशा करायचा असेल, किंवा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला पाच-सहा व्हर्च्युअल मशीनं (एकाच कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर) एकदम चालवायची असतील, तर जुना झिऑन आणि भरपूर स्वस्त रॅम हा सौदा खरोखर चांगला आहे. सीए ऑफिसला, अडत दुकानाला मी तो सुचवणार नाही.

वीजबिल आणि विंडोज

प्लगमध्ये बसणारा छोटा वॅटमीटर मिळतो. त्यावर पूर्ण मशीन मोजा, नुसता प्रोसेसर नव्हे. समजा झिऑनचं मशीन लॅपटॉपपेक्षा १०० वॅट जास्त ओढतंय. दिवसाला आठ तास वापर असेल तर महिन्याला २४ युनिट, चोवीस तास असेल तर ७२. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटनंतर आणि ३०० युनिटनंतर दर बदलतो. हे ७२ युनिट तुम्हाला पुढच्या टप्प्यात ढकलतात का, ते मागच्या बिलावर ताडून बघा. तीन वर्षांची वीज किमतीत मिळवा, मग स्वस्त कोणतं ते ठरवा. यूपीएसचा खर्चही धरा, कारण लॅपटॉपची बॅटरी त्याच्या पोटातच असते.

दुसरं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ई५ व्ही४ हा विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. आडवाटेनं ते बसवून देणारे आहेत. ज्या मशीनवर लोकांचे जीएसटी आणि बँकेचे पासवर्ड राहणार, तिथं मी ही आडवाट घेणार नाही. लिनक्स चालत असेल तर प्रश्न मिटला.

खरा मोठा सर्व्हर बघायचाच असेल तर

एपिकसारखं मशीन विकत घेऊन कुणी चाचणी करत नाही, ते तासावर भाड्यानं मिळतं. ॲमेझॉनच्या भाड्याच्या सर्व्हरचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे. इतरही कंपन्या आहेत. तिथं 'व्हीसीपीयू'चा आकडा दिसेल. बऱ्याच ठिकाणी एक व्हीसीपीयू म्हणजे एक थ्रेड असतो, पूर्ण कोअर नव्हे. तेव्हा ३२ व्हीसीपीयू वाचून बत्तीस कोअर समजू नका. लॅपटॉपवर चालवलेलं तेच काम, त्याच फायली तिथं चालवा आणि वेळ मोजा. त्यात फायली वर चढवायचा वेळही धरा. २० गिगाबाइटचे ड्रोनफोटो ५० एमबीपीएसच्या अपलोडनं चढायला तासाला थोडा कमी वेळ लागतो, आणि नकाशा लॅपटॉपवर दोन तासांतच होत असेल तर सगळा खटाटोप कशाला?

काम झालं की निकालाच्या फायली आधी उतरवून घ्या आणि मग मशीन 'टर्मिनेट' करा. नुसतं 'स्टॉप' केलंत तर प्रोसेसरचं भाडं थांबतं, डिस्कचं चालू राहतं.