दत्तक ससा ट्रे सोडून सोफ्यावरच शू करत होता: शेवटी काय लागू पडलं

निवाऱ्यातून आणलेला आमचा ससा ट्रे सोडून रोज सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात शू करायचा. ट्रेची जागा बदलली, भुसा बदलला, रागावून पाहिलं. चादरी धुऊन धुऊन रडकुंडीला आले होते.

जमलं ते असं. आधी सशांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घेतली. त्यानंतरही हार्मोन्स शांत व्हायला काही आठवडे जातात, तेवढा धीर धरा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाण्याने सोफ्याचा वास पूर्ण घालवला. छोटा ट्रे काढून ससा आत आरामात वळेल एवढा मोठा ठेवला. तळाला कागदी गोळ्यांचा थर घातला (मांजरांची गुठळ्या होणारी वाळू अजिबात नको, पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं) आणि एका टोकाला भरपूर सुकं गवत. खरी किल्ली हीच, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. शूने भिजलेला कागदाचा तुकडाही मुद्दाम ट्रेतच ठेवला. दोन आठवडे कुंपण घालून त्याला ट्रेजवळच राहू दिलं, मग हळूहळू जागा वाढवली. चूक झाली की पुन्हा कुंपण लहान.

आता पहाटे तो ट्रेत बसून गवतात तोंड खुपसलेला दिसतो. बाहेर चार-दोन कोरड्या लेंड्या पडतात, त्या झाडून टाकते.