आमवात आणि कोरोनाची लस: लसीपेक्षा गोळ्यांच्या गोंधळाला घाबरा, आणि या चुका टाळा

आमवात, म्हणजे इम्युनिटी आपल्याच सांध्यांवर उठते तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असलेल्याला कोरोनाची लस चालते का हा प्रश्न २०२१ पासून लोक विचारतायत आणि अजूनही विचारतात, त्यातून ज्यांची मुलं इंग्लंड-अमेरिकेत आहेत त्यांना तर फोनवर "आई, इकडे यायच्या आधी डोसचं बघ" हे ऐकावंच लागतं. तर चालते. पण आमच्या घरात आणि ओळखीत जेवढ्या भानगडी झाल्या ना, त्यातल्या बहुतेक लसीच्या आजूबाजूला गोळ्या आपल्या मनानं बंद-चालू केल्यामुळे झाल्या, लसीचा संबंध कमीच.

"आमची इम्युनिटी आधीच बिघडलेली, लस कशाला?"

ही भीती लोकांनी हवेतून काढलेली नाही. जानेवारी २०२१ मध्ये कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकातच लिहिलं होतं की इम्युनिटीवर परिणाम करणारी औषधं चालू असतील तर ही लस घेऊ नका. आता ट्रायलमध्ये असे पेशंट घेतलेलेच नव्हते त्यामुळे कंपनीनं हात राखून लिहिलं, पण लोकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. आपल्याकडच्या कोव्हिशील्ड आणि कोव्हॅक्सिन किंवा बाहेरच्या फायझर, मॉडर्ना, यातली एकही लाइव्ह, म्हणजे शरीरात वाढू शकणाऱ्या जिवंत विषाणूची, लस नाही. कोव्हॅक्सिनमधला विषाणू मारलेला असतो, कोव्हिशील्डमधला शरीरात वाढूच शकत नाही, आणि फायझर-मॉडर्नात विषाणूच नसतो. म्हणजे औषधांनी इम्युनिटी दबलेली असली तरी लसीमुळेच कोरोना होईल असं नाही.

आणि लसीनं सांधे भडकतात का? युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी पाच हजारांवर लोकांची नोंद ठेवली, बहुतेकांना असेच इम्युनिटीचे सांध्यांचे आजार होते. त्यात आजार उसळल्याची नोंद ४.४ टक्क्यांची, आणि जोरात उसळल्याची ०.६ टक्के. आता दुसरी बाजू बघा, रोज १० मिलीग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेणाऱ्यांना कोरोनात हॉस्पिटलात भरती व्हायची शक्यता जास्त दिसली होती आणि रिटुक्सिमॅब हे सलाइनमधून द्यायचं औषध चालू असलेल्यांचं तर आणखी गंभीर होत होतं. म्हणजे औषधामुळे लस नको म्हणणाऱ्यांनाच लसीची गरज जास्त.

मेथोट्रेक्सेटचा घोळ

मेथोट्रेक्सेट ही आमवाताची आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. माझी आत्या सांगलीला असते, तिची मेथोट्रेक्सेट दर रविवारी. लसीच्या डोसनंतर सहज फोन केला तर म्हणाली, "अगं, लसीच्या आधीच्या रविवारची गोळी मी मुद्दाम चुकवली, शेजारच्या काकू म्हणाल्या अंगात औषध नको, लस नीट लागते." मग लसीनंतर? "लसीनंतर घेतली की, एक चुकली होती ना म्हणून दोन्ही घेतल्या." म्हणजे नेमकं उलटं! थांबवायची असेल तर ती लसीनंतर थांबवतात, आधी नाही, कारण अँटीबॉडी लस टोचल्यावर तयार होतात आणि मेथोट्रेक्सेट त्याच वेळी ब्रेक लावतं. आणि चुकलेली गोळी भरून काढायला दोन डोस एकदम घेणं हे तर अजिबात नाही. रक्तातल्या पेशी कमी होणं, तोंडात फोड, लिव्हरवर ताण, हे सगळं या गोळीच्या जादा डोसनं होतं, आठवड्याची गोळी चुकून रोज घेतल्यामुळे तर माणसं दगावली आहेत. आत्याला त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायला लावला, त्यांनी ब्लड टेस्ट सांगितली, नशिबानं सगळं नीट निघालं.

अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांची संघटना म्हणते, आजार आटोक्यात असेल तर लसीच्या प्रत्येक डोसनंतर एक ते दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवता येतं. इंग्लंडमध्ये बूस्टरनंतर दोन आठवडे थांबवून बघितलं तर अँटीबॉडी साधारण दुप्पट झाल्या, पण थांबवलेल्यांमध्ये सांधे उसळायचं प्रमाणही वाढलं. आपल्याकडे केरळात कोव्हिशील्डवर अशाच दोन ट्रायल झाल्या, त्यात दिसलं की पहिल्या डोसनंतर गोळी चालू ठेवून फक्त दुसऱ्यानंतर थांबवली तरी अँटीबॉडीचं काम भागतं. म्हणजे सगळ्यांना लागू होईल असा एकच नियम नाही. ज्यांच्या बोटांना आत्ताच सूज आहे त्यांना डॉक्टर कदाचित अजिबात थांबवू देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

थांबवायची ठरली तर कॅलेंडरवर दोन खुणा करा, कुठल्या रविवारची चुकवायची आणि कुठल्या रविवारी परत सुरू करायची. दुसरी खूण लोक हमखास विसरतात. मग महिन्याभरानं मनगटं सुजली की दोष लसीला!

बाकीच्या गोळ्या

स्टिरॉइड अचानक बंद करू नका, बस. खूप दिवस चालू असेल तर शरीर स्वतःचं कमी बनवायला लागलेलं असतं, आणि एकदम बंद केल्यावर बीपी पडून माणूस कोसळू शकतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन चालू ठेवायची, तिला हात लावायचं कारणच नाही (२०२० मध्ये हीच गोळी कोरोनावर चालते म्हणून दुकानांतून गायब झाली होती आणि आमवातवाले केमिस्टकडे चकरा मारत होते, ते कोण विसरेल). टोफासिटिनिबसारख्या गोळ्यांना मेथोट्रेक्सेटसारखीच थोडे दिवस सुट्टी देता येते, तेही विचारून.

रिटुक्सिमॅबचं मात्र नीट प्लॅनिंग लागतं. हे औषध अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या मुळावरच येतं, त्यामुळे लगेच नंतर लस घेतली तर फारसं हाती लागत नाही. पुढच्या सलाइनच्या साधारण चार आठवडे आधी लस घेतलेली बरी. तारीख ठरवायच्या आधी डॉक्टरांशी बोला, लस घेऊन झाल्यावर सांगून उपयोग नाही.

टोचल्यावरच्या चुका

ताप येईल म्हणून आधीच डोलो किंवा पेनकिलर घेऊन जाणं, हे नको. जमत असेल तर लसीआधीचे २४ तास टाळा, नंतर ताप आला, अंग दुखलं तर खुशाल घ्या. ज्यांना पेनकिलरशिवाय उठताच येत नाही त्यांनी ओढून ताणून बंद करू नये. ज्या खांद्याला आधीच दुखणं आहे तो सोडून दुसरा पुढे करा.

दुसऱ्या दिवशी सगळं अंग ठणकलं की लोक घाबरतात, "आजार परत आला." थांबा जरा. लसीचं दुखणं अंगभर असतं, ताप-थंडीबरोबर येतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. आमवात उसळला तर तुमचे नेहमीचेच सांधे सुजतात, सकाळी बोटं तासभर आखडलेली राहतात आणि आठवडा झाला तरी सुटत नाही. तसं असेल तर डॉक्टरांना गाठा, मनानं स्टिरॉइड वाढवू नका.

कोव्हिशील्डच्या जातीच्या लसीनंतर क्वचित कुणाच्या रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट कमी होतात, २०२४ मध्ये यावरून बातम्यांचा पाऊस पडला. हा प्रकार डोसनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांतला आहे, त्यामुळे २०२१ चा डोस घेतलेल्यांनी आज डी-डायमर, म्हणजे गुठळ्यांसाठीची रक्ततपासणी, करत फिरायची गरज नाही. नवा डोस घेतला असेल आणि न थांबणारी डोकेदुखी, श्वास लागणं, छातीत दुखणं, एका पायाला सूज किंवा अंगावर बारीक लाल ठिपके दिसले तर मात्र आमवाताचंच असेल म्हणून घरी बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

आणि अँटीबॉडी टेस्टवर पैसे घालवू नका, त्या आकड्यावरून तुम्ही किती सुरक्षित आहात ते कळत नाही.

खरी लाइव्ह लस वेगळीच असते आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. केनिया-युगांडाच्या ट्रिपला निघालात तर यलो फीव्हरची लस मागतात, ती लाइव्ह आहे. मेथोट्रेक्सेट, बायोलॉजिक (रिटुक्सिमॅबसारखं औषध) किंवा स्टिरॉइड चालू असेल तर लसीकरण केंद्रात आधी ते सांगा आणि तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा.