लान्सला जाताय? मग एवढी तयारी करून जा

पॅरिसला जाणारे बरेच जण हल्ली लूव्र-लान्ससाठी, म्हणजे लूव्र म्युझियमच्या उत्तर फ्रान्समधल्या लान्स शहरातल्या शाखेसाठी, अर्धा दिवस काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत, तसं करू नका प्लीज, सगळ्यात आधी एका रात्रीचं हॉटेल बुक करा कारण खरं बघायचंय ते खाणकामगारांचं लान्स म्युझियमच्या बाहेर आहे. मंगळवार टाळा, म्युझियम बंद असतं. ट्रेन पॅरिसच्या गार द्यू नोर स्टेशनवरून, टीजीव्हीने (वेगवान ट्रेनने) साधारण सव्वा तास. उतरल्यावर मागे वळून स्टेशन नक्की बघा, वाफेच्या इंजिनाच्या आकाराचं बांधलंय, पहिल्या महायुद्धात शहर पार जमीनदोस्त झालं होतं त्यानंतरचं. म्युझियम २०१२ चं, जुन्या ९ नंबर खाणीच्या जागेवर उभंय.

बूट चांगल्या ग्रिपचेच घ्या. लूस-आँ-गोएलचे दोन काळे डोंगर चढायचेत, म्हणजे कोळशाबरोबर वर आलेला दगड वर्षानुवर्षं टाकून टाकून झालेले ढीग, टोक समुद्रसपाटीपासून १८६ मीटरवर, चुरा पायाखालून सरकतो आणि वर वारा भयंकर, त्यामुळे विंडचीटर जूनमध्ये पण सोबत ठेवा. वरून विटांच्या चाळींच्या रांगाच रांगा दिसतात, त्या कंपन्यांनी कामगारांसाठी बांधलेल्या. हा सगळा खाणपट्टा २०१२ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, आणि इथली शेवटची खाण १९९० च्या डिसेंबरात बंद झाली म्हणजे त्यात काम केलेली माणसं अजून आहेत, म्हणून चार वाक्यं फ्रेंच पाठ करून जा, निदान बोंझूर म्हणून सुरुवात करा.

जायच्या आधी १० मार्च १९०६ बद्दल वाचून घ्या, हे मात्र चुकवू नका. कुरिएरच्या खाणीत स्फोट झाला, १०९९ माणसं गेली, त्यात कोवळी पोरंसुद्धा, शोध लवकर थांबवला गेला आणि वीस दिवसांनी १३ जण स्वतःच चालत बाहेर आले! शोध चालू ठेवला असता तर अजून किती वाचले असते, हा विचार डोक्यातून जात नाही. मेरिकूरला त्यांचं स्मारक आहे, लान्सपासून जवळच, तासभर तरी ठेवा.

दुसरा दिवस लवार्दच्या खाण म्युझियमला. दुए शहराहून पुढे जायचं, कार नसेल तर बसच्या वेळा आधीच बघून ठेवा. तिथले बोगदे नंतर उभारलेले आहेत, पण कपडे बदलायची खोली बघाच, साखळ्यांनी कपडे छताला टांगलेले. फोनमध्ये फ्रेंच ऑफलाइन ट्रान्सलेटर टाकून ठेवा.

व्हेज असाल तर फ्राइज घेताना विचारा, इकडे गाईच्या चरबीत तळायची जुनी पद्धत आहे.

कार असेल तर नव-शापेलचं भारतीय सैनिकांचं स्मारक पण जोडा, ऑक्टोबर १९१४ मध्ये आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या (लष्करी इंजिनिअरांच्या) तुकड्या त्या गावात लढल्या आणि त्यांचं फार मोठं नुकसान झालं.