केसांच्या टोपामुळे (विगमुळे) डोक्याला खाज सुटली तर

सांगलीत एप्रिल-मेच्या उकाड्यात टोप तीन तास चढवला की कपाळाच्या कडेला लाल पट्टा उठतो. दोष बहुधा गोंदाचा, चिकटपट्टीचा किंवा घामाने भिजलेल्या अस्तराचा असतो.

टोप ओढून काढू नका, कातडी सोलते. कडेला खोबरेल तेल लावून दहा मिनिटं थांबा, गोंद सुटतो. मग सौम्य साबण, साधं पाणी आणि दहा मिनिटं गार ओली घडी, दिवसातून तीन-चारदा. त्यावर कॅलामाइन लोशन. हळद, लिंबू, डेटॉल नकोच, चुरचुर वाढते. मेडिकलमधली तीन औषधं एकत्र असलेली स्टिरॉइड मलमं तर अजिबात नकोत, त्यांनी चेहऱ्याची कातडी पातळ होते.

पुरळ पूर्ण बसेपर्यंत टोप बंद. नंतर खाली सुती टोपी घाला. नवा गोंद आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास पाहा, कारण ॲलर्जी पुष्कळदा दुसऱ्या दिवशी उमटते. नाटकमंडळींनी एकमेकांचे टोप न धुता घालणं सोडावं.

पू, ताप किंवा डोळ्यांभोवती सूज आली तर त्वचारोगतज्ज्ञ गाठा. केमोथेरपी चालू असेल तर साध्या पुरळालाही डॉक्टरांनाच विचारा. श्वास अडकला तर लगेच १०८.